अकरा वेळा सुटलेला चेंडू

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपला १४ वर्षांचा मुलगा गेल्या दीड वर्षात झपाट्याने उंच झाला आणि तेव्हापासून, आपल्याच शब्दांत, ‘चालता चालता दाराच्या चौकटीला धडकतो’. असा मुलगा कोणालाही न विचारता शाळेच्या बास्केटबॉल संघात गेला आणि त्या संघाने यंदाचे सहाही सामने गमावले. त्याला तिथून काढून एखाद्या वैयक्तिक खेळात घालावे, की हे वर्ष निव्वळ अभ्यासाला द्यावे, असे आपण विचारता. खेळाच्या प्रमाणपत्रावर मिळणारे प्रवेश वरच्या स्तरावर चमकलेल्या खेळाडूंसाठी असतात. तेव्हा त्या आशेने त्याला संघात ठेवू नका आणि ती आशा नाही म्हणून काढूही नका.

मी अडलो ते वेगळ्याच वाक्यापाशी. ‘शेवटच्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू अकरा वेळा सुटला, मी मोजले.’ बाकावर बसून मुलाच्या चुका मोजणारे वडील मुलाला दिसत नसतील, असे आपल्याला खरोखर वाटते का? चेंडू सुटल्यावर तो आधी चेंडूकडे पाहतो की आपल्याकडे, एवढेच पुढच्या वेळी पाहा. त्याच पत्रात आपण ओघात लिहून गेला आहात की, समोरच्या संघातला उंच मुलगा फक्त उजव्या हाताने ड्रिबल करतो (चेंडू जमिनीवर आपटत नेतो), त्याला डावीकडे वळायला भाग पाडायला हवे होते, असे हरल्यानंतर तो घरी सांगत बसला होता. या बोलण्याला आपण ‘नसत्या गप्पा’ म्हटले आहे. संघातल्या किती मुलांच्या हे लक्षात आले असेल, याची मला शंका आहे. (यावरून तो पुढे प्रशिक्षक होईल असे भाकीत मी करणार नाही. मुलाच्या प्रत्येक आवडीला पगाराची फूटपट्टी लावण्याची सवय आम्हा करिअर मार्गदर्शकांनीच पालकांना लावली आहे.)

वेंधळेपणा उपजत असतो आणि म्हणून असा मुलगा चपळांच्या खेळात शोभत नाही, हा आपला समज मात्र मोडायलाच हवा. या वयात हातपाय भराभर लांबतात, पण ते कुठवर पोहोचतात याचा मेंदूने बांधलेला अंदाज काही काळ जुनाच राहतो. त्यामुळे अनेक मुले वर्ष-दोन वर्षे अडखळतात आणि पुढे सावरतात. हे सावरणे घरात बसून होत नाही, वापरातून होते. शिवाय बास्केटबॉल म्हणजे नुसती चपळाई नव्हे. प्रतिस्पर्ध्याला पाठीशी रोखून रिबाउंडसाठी (हुकून परत उसळणाऱ्या चेंडूसाठी) जागा धरणे, सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावणे (त्याला अडवणाऱ्याच्या वाटेत उभे राहणे), दोन्ही पाय एकदम टेकवून थांबणे, ही सगळी कामे जागेचे भान आणि चिकाटी मागतात. फ्री थ्रो, म्हणजे समोरच्या संघाच्या फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक, तर रिंगमागच्या फळ्यापासून ४.६० मीटरवरून, कोणीही अडवत नसताना, दर वेळी त्याच जागेवरून घ्यायचा असतो. आणि हरणाऱ्या संघाचा एक मोठा फायदा आपण धरलेलाच नाही: बलाढ्य संघात आपला मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला असता, इथे तो प्रत्यक्ष खेळतो आहे.

आपली खरी अडचण ‘लोक हसतात’ या दोन शब्दांत आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. विल्ट चेंबरलेन या अमेरिकी खेळाडूने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो यशस्वी ठरले. एरवी फ्री थ्रोमध्ये कच्चा असलेला हा खेळाडू त्या मोसमात दोन्ही हातांनी कमरेखालून चेंडू उचलून फेकत असे. पुढे त्याने ती पद्धत सोडली, कारण तसे फेकताना आपण बावळट दिसतो असे त्याला वाटे, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही ही लाज महागात पडली. आपल्या मुलाला ती अजून लागलेली नाही. घरातून ती त्याच्या हाती देऊ नका.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. बुटाची नाडी, शर्टाची बटणे, हस्ताक्षर यांत त्याला अगदी लहानपणापासून अडचण येत असेल, तर बालविकासतज्ज्ञांना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजच्या कामांतल्या हालचालींचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवा. शरीराच्या हालचालींचा ताळमेळ जुळण्यातली अशी अडचण शाळकरी वयातल्या १०० पैकी सुमारे ५-६ मुलांत आढळते आणि योग्य सरावाने तिच्यात सुधारणा होते. तसे निघाले तरी ते संघ सोडण्याचे कारण नव्हे. त्याच्या क्रीडाशिक्षकांना ते कळवावे, इतकेच.

आपल्या चार पानी पत्रात मुलाला काय हवे आहे, याविषयी एक ओळही नाही. तेव्हा मला विचारलेला प्रश्न त्याला विचारा, पण सामना हरून परतताना नव्हे. एखाद्या सुट्टीच्या सकाळी तो फ्री थ्रोचा सराव करत असेल तेव्हा रिंगखाली उभे राहा, चुकलेला चेंडू उचलून त्याच्याकडे परत टाका आणि त्या डावीकडे वळवायच्या मुलाचे पुढे काय ठरले, ते त्याला विचारा.