फायनान्सच्या रिझ्युमेत कबड्डी कुठे बसवायची?

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच घोळ आहे. मैदानावर घालवलेली वर्षं फायनान्सच्या अर्जात दाखवायची की लपवायची? निवडक सहा पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : बीकॉम ६४ टक्के. तीन वर्षं कॉलेजकडून कबड्डी, शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा. बँका आणि एनबीएफसींच्या (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या) कर्ज विभागात अर्ज करतोय. मित्र म्हणतात, खेळ काढून टाक, हसतील. (पंचवटी)

काढू नका, जागा बदला. तुमच्या रिझ्युमेत शेवटी 'छंद' या मथळ्याखाली 'क्रिकेट, कबड्डी, गाणी ऐकणे' असं आहे. विद्यापीठाचा संघ गाणी ऐकण्याच्या रांगेत बसवल्यावर वाचणाऱ्यानेही तो तसाच वाचला, यात त्याची चूक नाही.

दुसरी अडचण अशी की कॉलेज, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठ ही शिडी नाशिकच्या क्रीडाशिक्षकाला पाठ असते. मुंबईत अर्ज चाळणाऱ्याला ती माहीत असेलच असं नाही. म्हणून पायरी आकड्यात सांगा. रिझ्युमे इंग्रजीत असला तरी ओळीचा साचा हा ठेवा: 'कबड्डी : विद्यापीठ संघ (निवडलेल्या १२ पैकी एक), आंतरविद्यापीठ स्पर्धा, २०२४-२५, कॉलेज संघ, २०२२ ते २०२५, आठवड्याला १२ तास सराव.' खेळ, पातळी, वर्षं, तास. दोन ओळींच्या वर जाऊ नका. तास खरे लिहा, कारण तुमचे ६४ टक्के कोणत्या वेळापत्रकात आले हे तेवढ्यातूनच कळतं.

ही ओळ शिक्षणाच्या खाली येते. पानाचा वरचा तिसरा भाग मात्र इंटर्नशिप, एक्सेल, टॅली, जीएसटी रिटर्नचं काम यांचाच. तिथे काही नसेल तर कबड्डी ती पोकळी भरत नाही. आधी कुणा सीएच्या ऑफिसात तीन महिने बसा.

पदानुसारही फरक पडतो. कर्जविक्री, वसुली, रिलेशनशिप ऑफिसर या कामात महिन्याचं टार्गेट असतं आणि रोज नकार ऐकावा लागतो. तिथला शाखाधिकारी खेळाडूकडे दोनदा बघतो. क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे कर्ज मागणाऱ्याची ऐपत तपासणाऱ्याच्या, जागेसाठी ताळेबंद वाचता येतो का, हेच आधी पाहिलं जातं. मुलाखतीत 'टीमवर्क शिकलो' म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. एखादा सामना हातचा जात असताना, तिसऱ्या चढाईला गुण आणलाच पाहिजे अशी वेळ आल्यावर तुम्ही काय ठरवलं, ते मिनिटभरात सांगता आलं पाहिजे.

इंटरनेटवर 'बँकर लोकांना खेळाडू फार आवडतात' असे सल्ले सापडतील. त्यातले बरेचसे अमेरिकेतले आहेत. तिथे कॉलेजच्या संघातून बँकेत गेलेला माजी खेळाडू पुढच्या खेळाडूला ओढून घेतो. आपल्याकडे अशी साखळी गृहीत धरू नका.

प्रश्न : खो-खो संघाची कर्णधार होते. 'नेतृत्वगुण' असं लिहू का? स्पर्धेला जाताना १४ जणींच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्चही माझ्याकडेच असायचा. (सिडको)

'नेतृत्वगुण' लिहू नका. सोनं तुम्ही पत्राच्या शेवटच्या वाक्यात टाकलंय. आगाऊ रक्कम घेणं, बिलं जमवणं, उरलेले पैसे परत करून कॉलेजच्या ऑफिसात हिशेब मिटवणं हे लेखाकामच आहे. लिहा: 'कर्णधार; १४ जणींच्या दौऱ्यांचा जमा-खर्च सांभाळला, सर्व बिलं वेळेत सादर.' एकूण रक्कम कागदावर सापडत असेल तर आकडा टाका. आठवणीतला अंदाज टाकू नका. आकडा टाकलात की 'बिल हरवलं तर काय करायचात?' हा प्रश्न येणार. उत्तर तयार ठेवा.

प्रश्न : सीए इंटर झाले, आर्टिकलशिप (सीए फर्ममधली उमेदवारी) शोधतेय. आठवीत जिल्हास्तरावर पोहण्यात दुसरी आले होते. (गंगापूर रोड)

नको. फर्मला तुमचे ग्रुप, अटेम्प्ट आणि तुम्ही कधीपासून रुजू होऊ शकता ते हवंय. आजही पोहत असाल तर शेवटी 'पोहणे' एवढा एक शब्द चालेल.

प्रश्न : बीकॉमनंतर दोन वर्षं पूर्णवेळ धावण्याचा सराव केला. गुडघा गेला. आता एमबीए फायनान्सचं शेवटचं वर्ष. ही दोन वर्षं गाळली तर? (नाशिकरोड)

गाळता येत नाहीत. गुणपत्रिकांवरची सालं बोलतात, आणि अनेक अर्जांत शिक्षणातला खंड वेगळा विचारतात. नाशिक जिल्ह्यातल्याच कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणलं, इथलेच दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या रोइंगपर्यंत गेले. त्यामुळे पूर्णवेळ सराव म्हणजे काय हे नाशिकमध्ये समजावून सांगावं लागत नाही. बाहेर लागतं. म्हणून नोकरीसारखीच नोंद करा: महिना-साल पासून महिना-साल, 'पूर्णवेळ सराव, ५००० मीटर', सर्वोत्तम वेळ, सर्वांत वरची स्पर्धा. मानधन मिळत नसेल तर 'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द टाळा.

गुडघ्याबद्दल रिझ्युमेत काही नको. विचारलं तर 'दुखापतीमुळे थांबलो' एवढं सांगून लगेच एमबीएतल्या प्रोजेक्टवर या. ऑपरेशनची हकीकत सुरू केलीत की मुलाखत तिथेच अडकते.

एक सावधगिरी. खाजगी संस्थांच्या 'अखिल भारतीय खुल्या' स्पर्धेला 'राष्ट्रीय' लिहिण्याची खोड बऱ्याच जणांना असते, तसंच सहभागाच्या प्रमाणपत्राला प्रावीण्य म्हणण्याचीही. निवड झाल्यावर कागदपत्रं तपासली जातात. तिथे खोटं सापडलं तर प्रश्न कबड्डीचा किंवा धावण्याचा राहत नाही. पैशाच्या कामावर ठेवायचा माणूस खोटं लिहितो, एवढंच दिसतं.

प्रश्न : वय ३८, सातपूरच्या कारखान्यात अकाउंट्स मॅनेजर. अर्धमॅरेथॉन धावतो. लिहू? (अंबड)

शेवटची एक ओळ: २१.१ किलोमीटर, किती वेळा पूर्ण, शेवटची कधी. वेळ चांगली असेल तरच टाका. पदकाचा फोटो नको. आणि हो, रिझ्युमेला 'बायोडेटा' नाव देऊन उंची, रक्तगटही घातला आहे तुम्ही. तो कागद लग्नासाठी ठेवा.

प्रश्न : खेळाच्या प्रमाणपत्रावर बँकेत आरक्षण मिळतं का? (सिन्नर)

आयबीपीएसच्या (सरकारी बँकांसाठी सामाईक परीक्षा घेणारी संस्था) क्लार्क आणि पीओ (अधिकारी) भरतीत खेळाडूंसाठी राखीव जागा नाहीत. राज्य शासनाच्या भरतीत पाच टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच धरलेलं) आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जाहिरात येण्याची वाट न पाहता आधीच अर्ज करा. आयकर खातंही खेळाडूंसाठी अधूनमधून वेगळी भरती काढतं. त्या जाहिरातीत कोणते खेळ आणि कोणती पातळी धरली आहे ते आधी वाचा. खाजगी बँकेच्या अर्जाला मात्र प्रमाणपत्रांच्या प्रती जोडू नका. मागतील तेव्हा द्या.