महसूल, तहसील आणि 'त्यात काय हशील?' मधला हशील हे एकाच धातूचे शब्द आहेत का?

होय, तिन्ही अरबी ह-स-ल या धातूचे आहेत. मूळ अर्थ 'हाती येणे, निष्पन्न होणे'. अरबीत तीन व्यंजने कायम ठेवून स्वर आणि उपसर्ग बदलतात: हासिल (आपला हशील) म्हणजे हाती आलेले, तहसील म्हणजे गोळा करण्याची क्रिया, महसूल म्हणजे गोळा झालेले. फारसी राज्यकारभारातून ते मराठीत आले, म्हणून आपल्याकडे सारा भर वसुलीवर. इतरत्र अर्थ फार सुंदर फाकले आहेत: तुर्की आणि फारसीत तहसील म्हणजे शिक्षणही, तुर्कीत महसूल म्हणजे पीक, इंडोनेशियनमध्ये हासिल म्हणजे फलित. 'वसूल' मात्र यात धरू नका. अर्थ जवळचा वाटला तरी तो व-स-ल, म्हणजे 'पोहोचणे', या वेगळ्या धातूचा.