सियाम ट्युलिप: पहिल्या वर्षी एवढंच बघा

पानं पिवळी पडली म्हणून घाबरू नका, झाड मेलेलं नाही. सियाम ट्युलिप नावालाच ट्युलिप. कूळ हळदीचं, मूळ थायलंड-कंबोडियाकडचं. हिवाळ्यात ते मातीखाली झोपी जातं. नवखे लोक नेमकं तेव्हाच पाणी वाढवतात आणि कंद कुजतो. सगळ्यात जास्त झाडं अशीच जातात.

- पानं सुकू लागली की पाणी कमी करा, मग बंद. कुंडी कोरडीच घरात ठेवा. नाशिकची जानेवारीतली थंडी बाल्कनीत सोसणार नाही.
- एप्रिल-मेमध्ये ताजी, निचऱ्याची माती. कोंब दिसल्यावरच पाणी वाढवा.
- उजेडाची खिडकी हवी, दुपारचं ऊन नको.

खत कोंब फुटेपर्यंत विसरा. कंद वेगळे करणं पुढच्या वर्षी बघू. आणि हो, आत्ता माती उकरून बघू नका, मोह होतोच!