बर्फाखालचं पाणी आणि अकरावीचं गणित

"मुलीला दहावीत ९३ टक्के मिळाले. नीटच्या क्लासची अनामत भरून झाली आहे. आता ती म्हणते, मला ग्रीनलंडच्या बर्फावर संशोधन करायचंय. शाळेत दाखवलेल्या माहितीपटात बर्फावरचं एक अख्खं तळं दोन तासांत गायब झालेलं तिनं पाहिलं, तेव्हापासून हेच चालू आहे. वर परवा तिनंच सांगितलं की वितळलेल्या पाण्यानं बर्फ वेगात घसरतो असं शास्त्रज्ञ आधी म्हणत होते, नंतर काही जण म्हणाले की तो उलट संथ होतो. ज्यांचं आपसात जमत नाही त्यांच्या मागे पोरीनं जायचं का? आणि मे महिन्यात आमच्याकडे कूलर पुरत नाही, इथल्या मुलीला बर्फाचं काम कोण देणार? अकरावीचा फॉर्म भरायचाय. गणित ठेवू की काढू?"
एक वडील, मानेवाडा, नागपूर

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण फॉर्मची तारीख माझ्या उत्तरासाठी थांबायची नाही. गणित ठेवा. जीवशास्त्रही राहू द्या. चारही विषय घेतले तर नीटचं दार उघडं राहतं आणि तिच्या बर्फाचंही. गणित काढलंत तर दुसरं दार आजच बंद होईल, आणि ते नंतर उघडायला फार खटपट करावी लागते.

आता शास्त्रज्ञांच्या भांडणाकडे येऊ. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे.

लेकीनं पाहिलेलं तळं बहुधा पश्चिम ग्रीनलंडमधलं असणार. २००६ च्या जुलैत तिथलं साडेपाच चौरस किलोमीटरचं तळं दीड तासाच्या आत रिकामं झालं. पाणी नायगाराच्या धबधब्याहून मोठ्या लोंढ्यानं खाली गेलं, आणि खाली म्हणजे जवळपास एक किलोमीटर जाडीच्या बर्फाला चिरून थेट तळाच्या खडकापर्यंत. सारा दास या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची उपकरणं तिथं आधीच रोवलेली होती, म्हणून हे मोजता आलं. त्या वेळी आजूबाजूचा बर्फ मीटरभराहून जास्त वर उचलला गेला होता.

एवढा बर्फ पाणी कसा उचलेल, असं वाटेल. पण धो धो पावसात रस्त्यावरच्या चेंबरचं लोखंडी झाकण थरथरताना, कधी सरकताना तुम्ही पाहिलं असेल. लोखंड काही पाण्यावर तरंगत नाही, खाली कोंडलेल्या पाण्याचा दाब त्याला रेटतो. बर्फाखालीही तसंच घडतं. दाब वाढला की बर्फाची खडकावरची पकड सैल होते आणि तो समुद्राच्या दिशेनं सरकतो. शास्त्रज्ञ जे. झ्वॅली यांच्या गटानं २००२ साली हेच दाखवलं होतं: उन्हाळ्यात वितळण वाढली की बर्फाचा वेग वाढतो. तेव्हा सगळ्यांना धास्ती बसली. जग तापणार, पाणी वाढणार, म्हणजे घसरणही वाढतच जाणार.

मग उलटा सूर कुठून आला? जूनमधला पहिला मोठा पाऊस आठवा. नाल्या गाळानं भरलेल्या, पाणी जिथं मिळेल तिथं साचतं. पाऊस सुरू राहिला की धार स्वतःच वाट मोकळी करते आणि ऑगस्टमध्ये तेवढंच पाणी निमूट वाहून जातं. (तुमच्या भागात ऑगस्टमध्येही तुंबत असेल तर उपमेबद्दल माफी.) बर्फाखालच्या वाटा तर बर्फाच्याच असतात. वाहत्या पाण्याच्या घर्षणाची ऊब भिंती वितळवते, फटींचे बोगदे होतात. मोठ्या बोगद्यात पाण्याचा दाब उतरतो, तो आसपासचं पाणीही ओढून घेतो आणि बर्फ पुन्हा खडकावर टेकतो. हिवाळ्यात पाणी थांबलं की वरच्या वजनानं बोगदे दाबून बंद होतात, पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यापासून सुरुवात. नैऋत्य ग्रीनलंडमधल्या, समुद्रापर्यंत न पोचता जमिनीवरच संपणाऱ्या एका पट्ट्याचा अनेक वर्षांचा हिशोब २०१५ साली पुढे आला. १९८५ ते १९९४ च्या तुलनेत २००७ ते २०१४ मध्ये तिथला बर्फ १२ टक्के संथ होता. वितळण मात्र वाढलेली होती.

तेव्हा दोघंही खरं बोलत होते. एकानं काही तास नि आठवडे मोजले, दुसऱ्यानं दशकं. पाणी अचानक आलं की बर्फ धावतो, मोठ्या उन्हाळ्यात सतत येत राहिलं की स्वतःसाठी गटार खोदून घेतो. तुमच्या मुलीला ही विसंगती स्वतःहून खटकली असेल, तर तिला टक्के किती पडले यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. संशोधनात पगार मिळतो तो अशा खटकण्याचाच.

म्हणून धोका टळला, असं मात्र तिला समजू देऊ नका. वरचा हिशोब जमिनीवर संपणाऱ्या बर्फाचा आहे. ज्या हिमनद्या समुद्रात उतरतात तिथं तळातून बाहेर पडणारं गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर उसळतं, सोबत खोल समुद्राचं कोमट खारं पाणी ओढून आणतं आणि बर्फाची कड खालून खातं. अंटार्क्टिकात २००२ साली लार्सन बी नावाचा तरंगता बर्फाचा मंच काही आठवड्यांत फुटला. पृष्ठभागावरच्या तळ्यांचं पाणी भेगांत शिरून त्या रुंदावत गेलं होतं. तरंगता बर्फ मोडल्यानं समुद्र लगेच चढत नाही, ग्लासातला बर्फ विरघळला म्हणून पाणी सांडत नाही तसं. पण त्या मंचाचा टेका गेला आणि मागच्या हिमनद्या जोरात वाहू लागल्या. तो बर्फ जमिनीवरचा, त्यामुळे त्यानं भर पडते.

१९०१ ते २०१८ या काळात जगभरचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. एकट्या ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सात मीटरहून अधिक चढेल. असं व्हायला शतकानुशतकं लागतील, पण मुंबईच्या भिंतीची उंची ठरवणाऱ्या माणसाला आकडा आज हवा असतो. तो आकडा देणारे लोक लागतात, म्हणून हे क्षेत्र आहे.

आता नोकरीचं, खरं खरं. केवळ हिमनद्यांवर काम करायला मिळेल अशा जागा भारतात थोड्या आहेत. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र गोव्यात आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती, आर्क्टिकमधलं हिमाद्री आणि स्पितीतलं हिमांश ही ठाणी त्याच केंद्राची. हिमालयाचं काम डेहराडूनच्या वाडिया संस्थेत चालतं, काही आयआयटींमध्येही चालतं. वाट लांब आहे: पदवी, एमएस्सी, मग पीएचडीची पाचेक वर्षं. नेट-जेआरएफ ही सरकारी संशोधन फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पंचविशीत भाचा गाडी घेईल आणि लेक फेलोशिपवर असेल, हे घरात आत्ताच बोलून ठेवा. माझ्याकडे येणारे पालक पैशापेक्षा या तुलनेला जास्त घाबरतात.

बीएस्सीला "हिमनदीशास्त्र" असा विषय शोधत बसू नका. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी तेच शोधायला लावलं होतं आणि त्याचं एक वर्ष वाया गेलं, चूक माझी. भौतिकशास्त्र नाहीतर भूशास्त्र घ्या. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा द्या, पुण्याच्या आयसरमध्ये पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे. नागपुरातच राहायचं असेल तर विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, पुढे आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा. मात्र संगणकावर आकडेमोड करणारी भाषा तिला यायलाच हवी. आज बर्फाची हालचाल मोजतात ती बहुतेक उपग्रहांवरून. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह २०२५ च्या जुलैत गेला, त्याच्या कामांत हेही आहे. त्या चित्रांतून अर्थ काढणारा माणूस वर्षातले अकरा महिने पंख्याखाली बसलेला असतो. कूलरची काळजी सोडा.

आणि बर्फ नाहीच जमला तर? बर्फाखालून दाबानं वाहणारं पाणी ज्याला कळलं त्याला विदर्भाचं भूजल अवघड जात नाही. केंद्रीय भूजल मंडळ आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या दोघांचीही मध्य विभागाची कार्यालयं नागपुरात आहेत. भरती यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते, सर्वेक्षणातल्या गट अ भूवैज्ञानिकाचा मूळ पगार ५६,१०० पासून सुरू होतो. वेस्टर्न कोलफील्ड्स (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या खाणकंपन्यांची मुख्यालयंही इथलीच. सुदूर संवेदनाचं, म्हणजे उपग्रहांच्या चित्रांवर काम करणारं, राज्याचं केंद्रही नागपुरातच आहे. पर्यायांच्या बाबतीत हे शहर पोरीच्या बाजूनं आहे.

"इथल्या मुलीला कोण देणार" याबद्दल एक नाव सांगतो: अदिती पंत. समुद्रशास्त्रज्ञ, जन्म नागपूरचा. १९८३-८४ च्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर उतरल्या, भारतातर्फे जाणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया.

दिवाळीनंतर ऊन उतरलं की लेकीला घेऊन चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या इरई गावी जाऊन या. सोबत भूशास्त्राचा एखादा प्राध्यापक मिळाला तर उत्तम, नाहीतर जागा सापडायची नाही. तिथल्या चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी विदर्भावरून सरकलेल्या बर्फात अडकलेल्या दगडांनी ते काढले. दीडशे वर्षांपूर्वी सर्वेक्षणाच्या लोकांनी त्यांची नोंद केली. तो बर्फ गेल्यावर जी जंगलं वाढली त्यांचाच पुढे कोळसा झाला, आणि तुमचा कूलर बहुतेक त्याच कोळशाच्या विजेवर फिरतो. तिला त्या ओरखड्यांवर बोट फिरवू द्या आणि विचारा, बर्फ कुठून कुठे गेला असेल? उत्तर लगेच देऊ नका, तिला भांडू द्या.

अनामतीचं म्हणाल तर ती परत मागत बसू नका. त्याच क्लासला गणिताची बॅच कधी असते ते विचारा.