पहिली बाटली उघडण्याआधी

बुडबुड्यांच्या (स्पार्कलिंग) वाइनची सुरुवात शॅम्पेननेच करायला हवी, असं अजिबात नाही. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या या वाइनचं दुसरं आंबणं, ज्यातून बुडबुडे येतात, ते बाटलीतच होतं. स्पेनची कावाही तशीच बनते आणि बरीच स्वस्त पडते. इटलीची प्रोसेको मात्र बहुधा मोठ्या टाकीत आंबवतात, म्हणून तिला ताज्या फळांचा वास जास्त. कावा आणि प्रोसेको शेजारी शेजारी ठेवून चाखा. फरक लगेच कळेल.

लेबलवर वाइन किती गोड ते लिहिलेलं असतं. ‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली, म्हणून नवखे हमखास फसतात ते ‘एक्स्ट्रा ड्राय’ला. ती ‘ब्रूट’पेक्षा गोड असते! ब्रूटमध्ये साखर लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाटली उघडणं. आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असू शकतो, त्यामुळे इथे घाई नको.

- बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा. कोमट बाटली उसळतेच.
- बुचावरची तार सैल करायला लागल्यापासून अंगठा बुचावरून हलवू नका.
- बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर. बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. हलकं ‘फुस्स’ झालं की जमलं.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा घ्या. पसरट ग्लासात बुडबुडे लवकर उडतात, अगदी अरुंद, उंच ‘फ्लूट’ ग्लासात वास कोंडतो. आणि साबण नीट धुऊन काढा, त्याचा अंश फेस मारतो.

कॉकटेलमध्ये महागडी शॅम्पेन घालू नका, जीव तुटतो! मिमोसाला ब्रूट कावा आणि थंडगार संत्र्याचा रस पुरे. ढवळत बसू नका. फ्रेंच 75 वगैरे इतर कॉकटेल नंतर बघू.