सेलरला काचेची भिंत लावताय? जुलैत टॉवेल तयार ठेवा

प्रश्न असा आहे: 'तरुण वाइनमेकर्समुळे वाइन बदलली म्हणतात. नाशिकला बंगला बांधतोय, तर घरातला सेलर, म्हणजे वाइन ठेवायची थंड खोली, त्याप्रमाणे कसा करावा?'

काचेने सुरुवात करतो, कारण प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तोच फोटो असतो. माझी मुख्य कामं द्राक्षाच्या प्रीकूलिंगची (तोडणीनंतर लगेच थंड करण्याची) आणि कोल्ड स्टोरेजची. घरातले सेलर माझ्याकडे येतात ते बहुतेक बिघडल्यावर.

नाशिकच्या गंगापूर रोडची एक खोली घ्या. ८ बाय ६ फूट, आत १३ अंश, समोर १२ मिमीची एकेरी टफन्ड काच. 'इटलीत असंच असतं,' हे आर्किटेक्टचं उत्तर. जुलैत दिवाणखान्यातली हवा २८ अंश, आर्द्रता ८० टक्के; या हवेचा दवबिंदू २४ अंश, म्हणजे त्याहून थंड पृष्ठभागावर हवेतल्या वाफेचं पाणी होतं. एकेरी काच बाहेरून १८ अंशांच्या आसपास येते, म्हणजे पाणी सुटणारच. लाकडी फ्लोअरिंग फुगलं. मग दुहेरी काच बसवली. तीही बाहेरून २२-२३ अंश, म्हणजे तरीही दवबिंदूच्या खालीच. सांगितलं होतं, ऐकलं नाही.

खरी वाट लागली होती ती भिंतींची. विटेवर थर्माकोल, त्यावर प्लॅस्टिक, वर प्लाय. प्लॅस्टिक चुकीच्या बाजूला. आपल्याकडे वाफ गरम बाहेरून थंड आत यायला बघते, म्हणून अडथळा बाहेरच्या, गरम बाजूलाच हवा. इथे दमट हवा विटेतून थर्माकोलमध्ये शिरली, प्लॅस्टिकला अडली आणि तिथेच तिचं पाणी झालं. प्लाय उचकटली तर मागे काळी बुरशी. त्यापेक्षा ८० मिमीचे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले) लावा. दोन्ही बाजूंना पत्रा असल्याने वाफेचा प्रश्न मिटतो, मात्र प्रत्येक सांधा बाहेरून सिलिकॉनने भरायचा. छत आणि जमीन सोडू नका. वर गच्चीचा स्लॅब असेल तर छताला १०० मिमी. दाराच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीत, कागदाची पट्टी धरून दार लावा. सहज ओढली गेली तर गॅस्केट बदला.

स्प्लिट एसी १६ अंशांखाली जात नाही. सेन्सरला फसवून खाली नेलात तर कॉइलवर बर्फ धरतो. सेलरचं युनिट घ्या, आणि कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) जिन्याखालच्या बंद कोनाड्यात कोंबू नका, मे महिन्यात ट्रिप होतो. सेन्सर पाणी भरलेल्या बाटलीत बुडवा, म्हणजे दार उघडलं की कॉम्प्रेसर धावत सुटणार नाही.

आता तरुण मंडळी. त्यांनी बदललं ते बाटलीचं तोंड आणि पोट. नाशिकच्या सुला वायनरीच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनला स्क्रू कॅप असते. कॉर्कच नाही, तर ती बाटली आडवी ठेवून भिजवायचं काय? नाशिकच्याच यॉर्क वायनरीचे वाइनमेकर कैलाश गुरनानी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला शिकून आले, आणि यॉर्कमध्ये शेनिनपासून पारंपरिक पद्धतीची, म्हणजे बाटलीत दुसऱ्यांदा किण्वन केलेली, फसफसणारी स्पार्कलिंग वाइन बनते. ती जाड बाटली ७५ मिमीच्या रॅकच्या भोकात शिरत नाही. भोकं ९० मिमीची ठेवा. पेट-नॅट ही दुसरी फसफसणारी वाइन; तिचं पहिलंच किण्वन बाटलीत संपतं. तिला बहुधा क्राउन कॅप (सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण) असते आणि तळाशी गाळ. ती उभीच ठेवा. ऊब लागली की उरलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि उघडताना निम्मी वाइन टेबलावर. सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) न घातलेल्या वाइनला तर १४ अंशांच्या वर जाऊच देऊ नका.

यातली बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत प्यायचीच आहे. म्हणून साठ बाटल्यांचं थंड कपाट पुरतं. सहाशे भोकांचं रॅक भिंतभर लावून त्यात बारा बाटल्या ठेवायच्या, हा शुद्ध थाट झाला.

अर्थात कॉर्कवाल्या लाल वाइन दहा वर्षं ठेवणार असाल तर खोली हवीच: बाटल्या आडव्या, आर्द्रता ६० ते ७० टक्के, दिवा फक्त एलईडी. आणि महिन्याभरात संपवणार असाल तर १८ अंशांवरचा एसीही चालतो. हे आधीच सांगायला हवं होतं.

काच हवीच असेल तर दारात फूटभर रुंदीची तिहेरी काचेची पट्टी घ्या. गंगापूर रोडवाल्यांनी भिंती पफच्या केल्या, काच मात्र काढली नाही. पावसाळ्यात तिच्या खाली अजून टॉवेल असतो.