कॅल्शियमची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि पेशीच्या आतले कॅल्शियम

आपण विचारले आहे की, आईंना रक्तदाबासाठी अ‍ॅमलोडिपिन आणि हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व ही औषधे एकाच वेळी लिहून दिली आहेत. त्यांतले एक कॅल्शियमची वाट अडवते आणि दुसरे कॅल्शियम पुरवते, तर ती एकमेकांवर पाणी फिरवत नाहीत का? हृदयाच्या आणि मेंदूच्या आजारांत पेशींमध्ये कॅल्शियम साचते असे वाचल्यावर हाडांची गोळी थांबवावी की काय, अशी शंकाही आपल्याला आली आहे. नेहमीच्या मात्रेत ही औषधे एकमेकांच्या आड येत नाहीत आणि वाचलेल्या त्या माहितीवरून गोळी बंद करण्याचे कारण नाही. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे, म्हणून त्यामागचे शास्त्र सविस्तर लिहितो.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले सुमारे ९९ टक्के हाडांत व दातांत असते. रक्तात ते दर १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. त्यातला जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांना किंवा इतर रेणूंना चिकटलेला असतो आणि उरलेला आयनांच्या रूपात मोकळा, म्हणजे लिटरमागे सुमारे १.२ मिलिमोल इतका असतो. आता पेशीच्या आत पाहा. शांत अवस्थेतल्या पेशीच्या पेशीद्रवात मोकळे कॅल्शियम असते अवघे १०० नॅनोमोल, म्हणजे बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. या विषयातला दुसरा कोणताही आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, पण हा राहायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

पेशी कॅल्शियमला इतके दूर का ठेवते? पेशीचा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम व फॉस्फेट पुरेशा प्रमाणात एकत्र आले की त्यांचा अविद्राव्य साका बनतो. हाडात तो हवाच असतो. पेशीद्रवात तो बनला तर पेशीचा कारभार थांबेल. त्यामुळे पेशी ऊर्जा खर्च करून कॅल्शियम सतत बाहेर फेकते किंवा आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या कोठाराच्या पोकळीत कोंडून ठेवते. या सक्तीतूनच संकेताची सोय झाली, असे मला वाटते. आत इतके कमी असल्यामुळे पेशीच्या पटलातली काही दारे क्षणभर उघडली तरी त्या जागी कॅल्शियमचे प्रमाण दसपट किंवा शंभरपट वाढते आणि ते हेरण्यासाठी तयार असलेल्या प्रथिनांना तो बदल तात्काळ कळतो. सोडियमला हे काम जमले नसते. ते पेशीत आधीच काही मिलिमोल असते, त्यात थोडे अधिक आले तरी फरक जाणवत नाही.

हे ज्ञान सावकाश गोळा झाले. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८२ च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवले. ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे आहे अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते नळाच्या पाण्याचे होते आणि त्या पाण्यात कॅल्शियम होते. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदयाचे आकुंचन थांबले, आणि १८८३ मध्ये त्यांनी कारणासह ते प्रसिद्ध केले. हाइलब्रन व विअर्सिन्स्की यांनी १९४७ मध्ये स्नायुतंतूंत निरनिराळे आयन टोचून पाहिले तेव्हा स्नायू आखडला तो कॅल्शियमने. जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात कॅल्शियम पकडणारे स्नायूतले प्रथिन, ट्रोपोनिन, शोधून काढले आणि मग साखळी जुळली. हृदयाला इजा झाली आहे का हे पाहण्यासाठी आज जी ट्रोपोनिनची रक्तचाचणी करतात ती याच प्रथिनसंचातल्या घटकांची असते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला विद्युतलहर पेशीपटलावर येते आणि एल प्रकारची कॅल्शियम चॅनल, म्हणजे कॅल्शियमला आत घेणारी दारे, उघडतात. त्यांतून आत येणारे कॅल्शियम थोडेच असते, पण ते शेजारच्या कोठारावरील रायानोडिन रिसेप्टर या दाराला उघडायला पुरते, आणि मग कोठारातून त्याहून कितीतरी अधिक कॅल्शियम बाहेर पडते. पेशीद्रवातले प्रमाण १०० नॅनोमोलवरून एक मायक्रोमोलच्या घरात जाते, ट्रोपोनिन ते पकडते, स्नायू आकुंचन पावतो. लगेच सर्का नावाचा पंप बरेचसे कॅल्शियम कोठारात ओढून घेतो, उरलेले सोडियमच्या बदल्यात बाहेर जाते आणि हृदय सैल पडते. हे दिवसाला सुमारे एक लाख वेळा घडते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत रीत थोडी वेगळी आहे: तिथे आत आलेले कॅल्शियम कॅलमोड्युलिन या प्रथिनाला धरते, ते एका विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) जागे करते आणि वाहिनी आवळली जाते. अ‍ॅमलोडिपिन मुख्यतः या वाहिन्यांच्या स्नायूंतली एल प्रकारची चॅनल रोखते. वाहिनी सैलावते, रक्तदाब उतरतो. आतड्यात कॅल्शियम शोषले जाते ते निराळ्या प्रथिनांमार्फत आणि ड जीवनसत्त्वाच्या देखरेखीखाली. त्या मार्गाला हे औषध अडवत नाही आणि हाडातल्या साठ्यालाही हात लावत नाही.

उलट बाजूने पाहिले तर, गोळी घेतल्यावर रक्तातले कॅल्शियम थोडेसे आणि थोडा वेळच वाढते. गळ्यातल्या परावटू ग्रंथींच्या पेशींवर बाहेरचे कॅल्शियम मोजणारा एक रिसेप्टर असतो (तो १९९३ मध्ये ओळखला गेला), आणि रक्तातले प्रमाण किंचित वर जाताच तो कॅल्शियम वाढवणाऱ्या परावटू संप्रेरकाचा स्राव आवरतो. दहा हजार पटींच्या उतारावर या चढउताराने पेशीच्या आतल्या संकेतात फरक पडत नाही. अपवाद टोकाचे आहेत. अ‍ॅमलोडिपिनसारख्या औषधांची विषबाधा झाल्यास रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम देतात, आणि रक्तातले कॅल्शियम फारच वाढले तर या गटातल्या औषधांचा प्रभाव कमी होऊ शकतो.

आपण वाचलेल्या ‘पेशीत कॅल्शियम साचते’ या वाक्यात अर्धेच सत्य आहे. आजार ठरतो तो कॅल्शियम पेशीच्या कोणत्या भागात वाढले, किती वेळ वाढलेले राहिले आणि कोणत्या लयीत वरखाली झाले यावर. याचे सर्वांत बोलके उदाहरण मला स्वादुपिंडाचे वाटते. १९८३ मध्ये श्ट्रेब, अर्व्हिन, बेरिज आणि शुल्ट्स यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर काम करून आयपी-३ हा लहानसा रेणू आतल्या कोठारातून कॅल्शियम सोडवतो हे दाखवले. आपण जेवतो तेव्हा चेतांकडून आणि आतड्याच्या संप्रेरकांकडून आलेल्या सूचनेने या पेशींच्या टोकाशी कॅल्शियमच्या छोट्या लाटा उठतात; प्रत्येक लाट काही सेकंदांत ओसरते आणि पाचक विकरांच्या पुटिका (इवल्या पिशव्या) बाहेर रिकाम्या होतात. पित्ताचा खडा अडकून पित्ताम्ले पेशींपर्यंत पोहोचली, किंवा मद्यापासून बनलेली मेदाम्लांची संयुगे तिथे साचली, की हीच लाट टोकाशी न थांबता संपूर्ण पेशीत पसरते आणि ओसरत नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका ते कॅल्शियम आत घेतात, बिघडतात, ऊर्जा कमी पडते. ऊर्जा नाही म्हणून पंप थकतात आणि पंप थकले म्हणून कॅल्शियम आणखी वाढते. मग ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर पेशीच्या आतच जागे होते आणि पेशी स्वतःला पचवू लागते. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या असह्य वेदनेची सुरुवात अशी होते. आयन तोच, पेशी तीच, सूचना पोहोचवणारी यंत्रणाही बरीचशी तीच. बदलला आहे तो काळ आणि पसारा.

पण दीर्घकाळ वाढलेले कॅल्शियम नेहमीच घातक असते असे समजू नये. रोगप्रतिकारक टी पेशींना ते तासन्‌तास वाढलेलेच लागते. आतले कोठार रिकामे झाल्याचे स्टिम-१ हे प्रथिन ओळखते आणि पेशीपटलातले ओराय-१ हे दार उघडते. या दाराच्या जनुकात दोष असलेली मुले जंतुसंसर्गापुढे जवळजवळ निःशस्त्र असतात, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. कितीही कॅल्शियम खाऊ घातले तरी हा दोष भरून निघत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे याच मार्गावर पुढे असलेल्या कॅल्सिन्युरिन या विकराला रोखतात, आणि म्हणून शरीर परक्या अवयवाला नाकारत नाही.

हृदय निकामी होऊ लागते तेव्हा सर्का पंप मंदावतो आणि रायानोडिन रिसेप्टर ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतही गळू लागतो. कोठार पुरते भरत नाही म्हणून आकुंचन दुबळे होते, आणि पेशीद्रव पुरते रिकामे होत नाही म्हणून हृदय नीट सैलावतही नाही. सर्काचे जनुक विषाणूवाहकातून हृदयात पोहोचवण्याचा प्रयत्न झाला, पण २५० रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. प्रयोगशाळेतला सुबक तर्क रुग्णाच्या बाबतीत खरा ठरेलच असे नाही, म्हणून ‘कॅल्शियम दुरुस्त केले की आजार बरा’ अशा दाव्यांकडे सावधपणे पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. रायानोडिन रिसेप्टरच्या जनुकातच उत्परिवर्तन असेल तर दिसायला धडधाकट मूल धावताना किंवा घाबरल्यावर अचानक कोसळू शकते. विश्रांतीतला ईसीजी निर्दोष असतो, त्यामुळे निदान हुकते. श्रमाने किंवा भीतीने येणारी मूर्च्छा, विशेषतः घराण्यात अकाली अचानक मृत्यू झालेले असल्यास, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवी.

आपण विचारलेले नसले तरी कंकाल (हाडांना जोडलेल्या) स्नायूंतल्या भावंड रिसेप्टरबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. १९६० मध्ये मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल यांनी पाय मोडलेल्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलीची भीती अधिक होती, कारण त्याचे दहा नातेवाईक भूल दिल्यानंतर दगावले होते. अशा कुटुंबांत भुलीच्या काही वायूंनी स्नायूंतल्या कोठाराचे दार उघडते ते मिटतच नाही. स्नायू आखडतात आणि शरीराचे तापमान वेगाने चढते. डँट्रोलीन हे औषध ते दार आवरते, आणि ते वेळेवर मिळू लागल्यापासून पूर्वी बहुतेकांचा बळी घेणाऱ्या या संकटातून बहुतेक जण वाचतात. घरात भुलीनंतर कोणाला विचित्र ताप किंवा स्नायूंचा ताठरपणा आला असेल, तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना तो आवर्जून सांगावा.

मेंदूबाबत आपली चिंता अधिक दिसते. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटल्यावर ग्लुटामेट हे चेतापेशींमधले निरोप नेणारे रसायन साचते, चेतापेशींत कॅल्शियम लोटते आणि त्या मरतात, हे भक्कम आहे. अल्झायमरमध्ये कॅल्शियमचे नियमन बिघडते याचे पुरावे आहेत, पण तो बिघाड आजाराचे मूळ आहे की परिणाम, यावर एकमत नाही. त्यात दिल्या जाणाऱ्या मेमँटीनचे काम ग्लुटामेटच्या एका रिसेप्टरवर चालते, पण ते आजार थांबवत नाही. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गैती हसन यांच्या गटाने फळमाशीतल्या आयपी-३ रिसेप्टरवर, म्हणजे आयपी-३ ने उघडणाऱ्या कोठाराच्या दारावर, दीर्घकाळ काम केले आहे. त्या रिसेप्टरमध्ये दोष असलेल्या माश्यांना उडता येत नाही. माणसात याच रिसेप्टरच्या एका जनुकाची एक प्रत गमावल्यास तोल जाण्याचा एक आनुवंशिक विकार होतो. या सर्व बिघाडांत दोष दारांचा, पंपांचा किंवा ऊर्जेचा आहे. ताटातल्या नाचणीचा किंवा गोळीचा नाही.

गोळीविषयी खरा वाद वेगळा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. नंतरच्या विश्लेषणांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून जेवढे कॅल्शियम आहारातून मिळेल तेवढे आहारातून घ्यावे आणि उरलेलेच गोळीने भरावे, हे मला शहाणपणाचे वाटते. भारतीय प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅमची शिफारस आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, शिवाय दूध, दही, तीळ आहेतच.

आईंच्या डॉक्टरांशी बोलताना तीन गोष्टी तपासून घ्या. रक्तदाबाच्या गोळीत अ‍ॅमलोडिपिनबरोबर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का, ते पाकिटावर वाचा. ही औषधे लघवीवाटे जाणारे कॅल्शियम कमी करतात, त्यामुळे रक्तातले प्रमाण वाढू शकते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवा, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती गैरसमजाने रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला गेलेले रुग्ण डॉक्टरांना पाहावे लागतात. सतत तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा आणि रक्तातील कॅल्शियम व क्रिएटिनिन तपासून घ्या.